पातेल्याचा मधला भाग

सहा मार्च. दुपारी जेवायला बसले बेचाळीस, आजारी पडले एकोणतीस, दगावले तिघे.

वृद्धाश्रमाच्या त्या वर्षीच्या अहवालात एवढीच नोंद आहे, आणि ती खोटी नाही. मात्र त्या दिवशीचे जेवण जिने रांधले त्या बाईबद्दल अहवालात अवाक्षर नाही. तिला सगळे काकू म्हणत. ज्यांची थोडी अधिक सलगी होती ते नाकवाल्या काकू म्हणत, आणि या उपाधीचा काकूंना राग येत नसे. उलट ती ऐकली की त्या पदर सावरून किंचित ताठ उभ्या राहत.

जुन्या गोदामाच्या भिंतींना खिडक्या पाडून त्याचा दुमजली वृद्धाश्रम केलेला होता. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तळमजल्यावर. त्याची एक रुंद खिडकी जेवणाच्या खोलीत उघडे, आणि त्या खिडकीपाशी उभे राहून काकू अठरा वर्षे वाढत आल्या होत्या. कुणाला मीठ कमी, कुणाला तिखट वर्ज्य, कुणाला दोनदा मागायची लाज वाटते म्हणून पहिल्यांदाच भरपूर द्यायचे, हे सारे त्यांच्या हाताला पाठ होते. पण त्यांची खरी ख्याती नाकाची. दूधवाल्याने किटलीचे झाकण काढले आणि काकूंनी दारातूनच मान फिरवली, की तो बिचारा वाद न घालता किटली परत सायकलला अडकवी. शेजारपाजारच्या बायका शंका आलेल्या बरण्या पदराआड घेऊन येत. काकू झाकण उघडून डोळे मिटत आणि निकाल देत, ‘खा,’ किंवा ‘फेक’. त्यावर अपील नसे. एकदा तर गॅसच्या नळीतली गळती त्यांनी अंगणातून हेरली होती, आणि तेव्हापासून आश्रमातली म्हातारी मंडळी म्हणत, की आपल्याकडे यंत्रांची गरज नाही, काकू श्वास घेताहेत तोवर आपण सुरक्षित आहोत.

हा विश्वास भाबडा होता असे आज म्हणणे सोपे आहे. त्या काळी तो अनुभवावर उभा होता, आणि अठरा वर्षांत अनुभवाने त्याला एकदाही खोटे पाडले नव्हते.

पूर्वी स्वयंपाकघरात दोघी होत्या. पहाटेची बाई चूल पेटवून जड पदार्थ चढवी, आणि काकू सकाळी येऊन पुढचे पाहत. पहाटेची बाई वयोमानाने घरी बसली तेव्हा तिची जागा भरली गेली नाही. व्यवस्थापक साहेब स्वतः स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “काकू, तुमच्यासारखी बाई असताना दुसरी हवीच कशाला?” काकूंना ते कौतुक वाटले. काटकसरीला कौतुकाचा पोशाख चढवला की ती ओळखू येत नाही, हे त्यांना पुढे कळले.

अडचण होती गुरुवारच्या रश्श्याची. आठवड्यातून एकदा मांस असे, आणि बहुतेकांच्या तोंडात दात नसल्यामुळे ते चार तास मंद शिजवावे लागे. एकट्या बाईला सकाळी येऊन ते दुपारपर्यंत जमणे शक्य नव्हते. काकूंनी त्यावर आपल्या डोक्याने तोड काढली. बुधवारी संध्याकाळी रस्सा उकळायचा, मोठ्या पातेल्यावर घट्ट झाकण बसवायचे, ते दोन जुन्या रजयांत गुंडाळायचे आणि कोठीतल्या गवत भरलेल्या लाकडी खोक्यात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारीही पातेले हाताला कोमट लागे. मग मंद आचेवर कडेने बुडबुडे येईपर्यंत गरम करायचे. ढवळायचे मात्र नाही, कारण ढवळले तर मधले तुकडे विरघळून जातील. त्या मधल्या तुकड्यांवर काकूंचा विशेष जीव होता. ते ओठांनी दाबले तरी सुटत. पातेल्याच्या वरचा आणि कडेचा भाग दातवाल्यांना, मधला ज्यांना दात नाहीत त्यांना, अशी त्यांची वाटणी होती.

निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहत. मास्तरांची कवळी पक्की होती. मास्तरीणबाईंना मात्र कवळी टोचे, म्हणून त्या ती डबीत ठेवून जेवायला येत. खिडकीपाशी ताट पुढे करून त्या म्हणत, “काकू, माझे दात तुमच्या पातेल्यात आहेत हो. जरा शोधून वाढा.” आणि काकू पळी खोल घालून नेमके मधले काढत.

गॅस वाचला. वार्षिक सभेत खोक्याच्या युक्तीबद्दल काकूंचा नामोल्लेख झाला. काकूंनी त्या सभेनंतर एक थंड कपाट मागितले, कारण जुन्यात दूध आणि भाज्या ठेवल्या की मूठभर जागा उरत नसे. साहेब म्हणाले, “पुढच्या वर्षी नक्की.” पुढच्या वर्षीही ते तेच म्हणाले, आणि तेही तितक्याच मनापासून.

तपासणी दरवर्षी होई. कायद्याने ती हवीच होती, आणि नोटीस आधी येई. त्या दिवशी भिंतीवरचा परवाना पुसून लख्ख केला जाई, काकू नवी टोपी घालत, नखे दाखवत, वैद्यकीय दाखला काढून ठेवत. निरीक्षक पाण्याचा अहवाल पाहत, जाळ्या पाहत, पोत्यांवरच्या तारखा वाचत. ते दुपारी येत आणि तासाभरात जात. रात्री या स्वयंपाकघरात काय झोपलेले असते, हे विचारण्याचा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता. एका वर्षी तर जुने निरीक्षक कोठीतल्या त्याच खोक्यावर टेकून ‘सर्व व्यवस्था समाधानकारक’ असे लिहून गेले. नशिबाने म्हणा किंवा दुर्दैवाने, त्या दिवशी खोके रिकामे होते.

भिंतीवरच्या त्या परवान्यात ‘स्वयंपाकघरासाठी जबाबदार व्यक्ती’ या ओळीपुढे काकूंचे नाव होते. साहेबांनीच ते घालायला सांगितले होते. “तुमचं नाव तिथं शोभून दिसेल,” असे ते म्हणाले होते.

सहा मार्चला रस्सा नेहमीपेक्षा चांगला उतरला होता. काकूंनी वाढण्याआधी नेहमीप्रमाणे झाकण काढून डोळे मिटले. वास गोड, दाट, निर्मळ. त्यांनी स्वतः कडेची वाटीभर खाल्ली.

बातमी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीकडून कळली. लेक सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. ती पाळी संपवून आली आणि चपला न काढताच उंबऱ्यात बसली.

“आई, तुमच्या आश्रमाच्या चादरी आल्यात धुवायला.”

“किती?”

“मोजल्या नाहीत मी. ढीग आलाय. आई, काल काय केलं होतंस गं?”

“गुरुवार होता. रस्सा.”

दोन दिवसांत तिघे गेले. दोघे तळमजल्यावरचे, अगोदरच अंथरुणाला खिळलेले, तिसऱ्या मास्तरीणबाई. तिघांच्याही तोंडात दात नव्हते. ही गोष्ट काकूंच्या लक्षात आली तेव्हा त्या घरी भांडी घासत होत्या, आणि हातातले पातेले त्यांनी खाली ठेवले ते बराच वेळ उचलले नाही.

स्वयंपाकघराच्या दाराला सील लागले. नवीन निरीक्षक तरुण बाई होती. सडपातळ, मोजके बोलणारी, नमुन्यांसाठी बर्फाची पेटी स्वतःच उचलून नेणारी. तिने पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा बाटल्यांत भरला, खोके पाहिले, रजया पाहिल्या आणि काकूंना एकच प्रश्न विचारला, “हे तुम्ही किती वर्षं करताय?”

“चार वर्षं झाली, बाई. कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.”

“दुखलं असेल,” निरीक्षक बाई म्हणाल्या. “म्हातारपणी पोट दुखलं तर कुणी स्वयंपाकघराला विचारत नाही.”

गावाने तोवर आपला निकाल देऊन टाकला होता. मांस खाटकाकडून आले होते, तेव्हा दोष खाटकाचा. त्याच्या दुकानाच्या फळीवर कुणीतरी काळा रंग फासला. गिऱ्हाईक तुटले. काकू बाजारातून जात असताना तो बंद दुकानापुढच्या पायरीवर बसलेला होता. त्यांना पाहून उठला.

“काकू, तुम्ही तरी सांगा. तुम्ही वास घेतला होतात ना?”

“घेतला होता.”

“मग?”

“ताजं होतं,” काकू म्हणाल्या.

“हे जरा चारचौघांत बोला हो,” खाटीक म्हणाला. “इथं पायरीवर बोलून माझी फळी धुतली जायची नाही.”

सुनावणीच्या आधी व्यवस्थापक साहेबांनी काकूंना बोलावून घेतले. खोलीचे दार लोटले, खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या वर्षांत खुर्ची पहिल्यांदाच मिळत होती.

“साहेब, चहा राहू द्या. काय ते बोला.”

“काकू, तुमच्या नाकाला अख्खं गाव मानतं. तुम्ही बोललात की विषय संपला. एवढंच म्हणायचं, की मांसाला किंचित वास होता.”

“म्हणजे वास येत असून मी शिजवलं, असं?”

“तसं कुठं म्हणतोय मी? धुतल्यावर वास गेला, असं सांगा.”

“साहेब, धुऊन वास जात असता तर मला एवढं मोठं नाक देवानं दिलं कशाला असतं? पाणीच दिलं असतं की एक बादली.”

साहेब हसले, पण खुर्चीत पुढे सरकून बसले. “बघा, परवान्यावर नाव तुमचं आहे. दोष मांसाचा ठरला तर तुम्ही सुटता, संस्था सुटते, उरलेल्या म्हाताऱ्यांचं छप्पर टिकतं. खाटकाचं काय, तो दुसऱ्या पेठेत दुकान टाकेल. तुमचं वय पाहा. या वयात तुम्हाला दारात कोण उभं करणार आहे?”

या बोलण्यात धमकी होती तशीच काळजीही होती, आणि दोन्ही खरी होती. काकू म्हणाल्या, “विचार करून सांगते,” आणि उठल्या.

घरी लेकीने ऐकून घेतले आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “सांगून टाक. तो खाटीक आपल्याला कोण लागतो?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मांस ताजं होतं गं.”

“मांस ताजं होतं, तू स्वच्छ होतीस, मग माणसं मेली कशानं? आई, कशानं तरी मेली ना? मी चादरी धुतल्यात त्या.”

मांस दोषी नाही, आणि तीन माणसे तर गेली, मग उरतो तो आपला हात. इतके गणित त्यांना येत होते. पण त्या हाताने काय केले हेच त्यांना दिसत नव्हते. आपण निर्दोष आहोत असे म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि आपण दोषी आहोत हे नाकाला पटत नव्हते.

ते दाखवले निरीक्षक बाईंनी. त्यांनी सील काढायला लावले आणि काकूंना म्हणाल्या, “बुधवारी जसं करता तसंच सगळं करा. मी नुसती बघते.” मांस त्याच खाटकाकडून आणले. काकूंनी उकळले, झाकले, गुंडाळले. फरक एवढाच, की निरीक्षक बाईंनी झाकणाच्या फटीतून एक लांब थर्मामीटर पातेल्याच्या मधोमध सोडला, आणि थोडा रस्सा आधीच काढून उथळ परातीत पसरून, निवताच थंड कपाटात ठेवला. कपाटातले दूध त्यासाठी बाहेर काढावे लागले. ते बाहेर काढताना त्यांनी कपाटाकडे आणि मग काकूंकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर दोन वाट्या होत्या. एक परातीतली, गरम केलेली. एक पातेल्याच्या मधली.

“वास घ्या,” निरीक्षक बाई म्हणाल्या. “चव नका घेऊ.”

काकूंनी डोळे मिटले. पहिली वाटी. दुसरी वाटी. पुन्हा पहिली. असे आयुष्यात कधी घडले नव्हते. त्या कधी पुन्हा मागे जात नसत.

“दोन्ही चांगल्या आहेत,” त्या शेवटी म्हणाल्या. “खरं सांगू? दुसरी जास्त चांगली आहे.”

निरीक्षक बाईंनीही वाकून वास घेतला. “मलाही तसंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “कुणालाही तसंच वाटेल. हे जंतू उकळल्यावर मरत नाहीत. बीजासारखे दबा धरून बसतात. पातेलं रात्रभर कोमट राहिलं की त्यांची वाढ होते. मधला भाग सगळ्यांत जास्त वेळ कोमट राहतो. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गरम करता तेव्हा कड उकळते, मध्य उकळत नाही.”

“ढवळत नाही ना मी.”

“का नाही ढवळत?”

“तुकडे मोडतात.” काकूंचा आवाज उतरला. “ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी ठेवते ते.”

निरीक्षक बाईंनी दोन्ही वाट्यांवर चिठ्ठ्या लावल्या, त्या बर्फात ठेवल्या, आणि पेटी बंद करताना म्हणाल्या, “काकू, नाक जिथं संपतं ना, तिथून पुढं कायदा लागतो. नाकाला कळत असतं तर आमच्या खात्याची गरजच नव्हती.”

प्रयोगशाळेचा निकाल आठवड्याने आला. पहिल्या वाटीत नावापुरते जंतू. दुसरीत मोजदादीच्या बाहेर. काकूंना तो निकाल वाचून दाखवला गेला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांना फक्त आठवत राहिले, की दुसरी वाटी जास्त चांगली होती.

सुनावणी अन्न खात्याच्या अधिकाऱ्यांच्या लांबट खोलीत झाली. एका बाजूला व्यवस्थापक, मागच्या बाकावर खाटीक, आणि दाराजवळ, कुणी बोलावले नसताना, काठी गुडघ्यांत धरून बसलेले मास्तर. साहेबांनी संस्थेचे म्हणणे मांडले: मांसाच्या दर्जाबद्दल शंका होती. अधिकाऱ्यांनी काकूंना विचारले.

काकू उभ्या राहिल्या. “मांस ताजं होतं. मी वास घेतला होता. खाटकाचा यात काही दोष नाही.”

“मग दोष कशात होता?”

“पातेल्यात. पातेलं मी गुंडाळलं. ढवळलं नाही तेही मीच.” त्यांनी साहेबांकडे पाहिले नाही. “पण ते गुंडाळायची वेळ का आली, तेही लिहून घ्या. पहाटेची बाई घरी बसली, तिच्या जागी कुणी दिलं नाही. थंड कपाट दोनदा मागितलं, ते मिळालं नाही. मला वाटलं, माझ्या युक्तीनं भागतंय. भागत नव्हतं.”

“हा प्रशासकीय मामला आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “त्याचा रश्श्याशी संबंध नाही.”

“संबंध आहे,” निरीक्षक बाई म्हणाल्या. “जे थंड करायला जागा नाही, ते गरम ठेवलं जातं.”

अधिकारी सज्जन गृहस्थ होते आणि कायदा त्यांच्यापुढे उघडा होता. त्यात जबाबदार व्यक्तीची व्याख्या होती, आणि परवान्यावर एकच नाव होते. पहाटेची जागा रिकामी ठेवणाऱ्या ठरावावर कार्यकारी मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, पण मंडळाला परवाना लागत नाही. निकाल असा झाला: खाटीक निर्दोष, काकूंना वर्षभर मुख्य स्वयंपाकी म्हणून काम करण्यास मनाई, आणि प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परत नाही, संस्थेला दंड, थंड खोली बांधण्याचा आणि दुसरी स्वयंपाकीण नेमण्याचा आदेश. एखादी व्यवस्था मिळून चूक करते तेव्हा कायदा तिच्यात एक माणूस शोधतो, कारण कायद्याला माणूस धरता येतो. त्या दिवशी त्याने जो माणूस धरला तो अगदीच चुकीचा नव्हता. तो एकटा नव्हता, एवढेच.

बाहेर जिन्याखालच्या बाकावर मास्तर काकूंची वाट पाहत होते. काकू त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

“तिला मधलंच वाढलंत ना?” मास्तरांनी विचारले.

“हो.”

“नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं.”

“मऊ होतं?”

“होतं, मास्तर.”

मास्तरांनी मान हलवली. “म्हणजे तिनं आवडीनं खाल्लं.” बराच वेळ ते काठीची मूठ चोळत राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावलेला पाहून म्हणाले, “रडू नका. मी सांत्वनाला आलेलो नाही आणि माफ करायलाही नाही. आणि तुम्ही एकट्यानं माफी मागू नका माझ्याकडं. मी घेणार नाही. ती अर्धीच होईल. तुमच्यामागं जे उभे होते त्यांना आधी मागू दे, मग तुमची बघू.” आणि ते उठून चालू लागले. दोन पायऱ्या उतरून वळले. “खाटकाला वाचवलंत ते बरं केलंत. ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.”

त्या वर्षी काकूंनी दुसरीकडे, दुसऱ्याच्या हाताखाली भाज्या चिरल्या, आणि आठवड्यातून एकदा नगरपालिकेच्या सभागृहात जाऊन प्रशिक्षणाला बसल्या. तिथे चहावाले होते, बेकरीवाले होते, एक आइस्क्रीमवाला होता. शिकवणारे गृहस्थ फळ्यावर काढत: पाच अंशांच्या खाली थंड, साठच्या वर गरम, मधला पट्टा धोक्याचा. आइस्क्रीमवाला म्हणाला, “सर, माझी बायको कायम त्या मधल्या पट्ट्यातच असते. ना गरम, ना गार.” सगळे हसले. काकूही हसल्या, पण त्यांनी फळ्यावरून नजर काढली नाही. मधला पट्टा. त्यांना तो पट्टा आधीपासून ठाऊक होता. तो हाताला छान लागतो, आईच्या कुशीसारखा उबदार लागतो, आणि त्यातच सारे वाढते.

परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या. नाकाबद्दल त्या पुढे बोलत नसत. शेजारणी बरण्या घेऊन आल्या तर म्हणत, “वासावर जाऊ नकोस बाई. कधी केलंस, कुठं ठेवलंस, ते सांग.” शेजारणींना हे उत्तर फारसे आवडले नाही, हळूहळू त्या यायच्या थांबल्या. प्रतिष्ठा गेली असे काकूंना वाटले नाही. एक ओझे कमी झाले असे वाटले, आणि त्या ओझ्याची सवय असल्यामुळे काही दिवस हात रिकामे रिकामे वाटले.

वर्षभराने त्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात परतल्या तेव्हा बरेच बदलले होते. थंड खोली झाली होती. तिच्या दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी होती. पहाटेची नवी बाई होती. रस्सा आता त्याच दिवशी शिजे. उरला तर रुंद परातींत बोटभर उंचीने पसरला जाई आणि निवताच थंड खोलीत जाई. खोके पावसाळ्यात फोडून त्याच्या फळ्या केल्या. दात नसलेल्यांसाठी काकू तुकडे आधीच चिरून वेगळे, अगदी मऊ शिजवत, आणि गरम करताना उकळी येईपर्यंत पळी थांबू देत नसत. तुकडे मोडत. त्याला इलाज नव्हता.

मास्तर पहिल्या दिवशी खिडकीपाशी आले तेव्हा त्यांच्या हातात ताट नव्हते. वर्षभर ते बाहेरून पाव आणि फळे आणून खोलीतच खात. ते म्हणाले, “किती आहे?”

काकूंनी थर्मामीटर मधोमध घातला, थांबल्या, वाचला. “ब्याऐंशी.”

“ठीक,” म्हणून ते निघून गेले.

असे बरेच गुरुवार झाले. ते येत, विचारत, काकू सांगत, ते जात. पहाटेची बाई म्हणे, “काय विक्षिप्त म्हातारा आहे हो! खायचं नाही तर विचारायचं कशाला?” काकू म्हणत, “विचारू दे. त्यांना तेवढं विचारायचा हक्क आहे.” हळूहळू वरच्या मजल्यावरचे आणखी दोघेचौघे म्हातारे वाढून घेण्याआधी तोच प्रश्न विचारू लागले, काही चेष्टेने, काही खरेच. काकू प्रत्येकाला आकडा सांगत. त्यांच्या खिडकीवर बसलेला विश्वास आता आंधळा राहिला नव्हता. रोज नव्याने मोजून घेतला जात होता, आणि काकूंना तो पहिल्यापेक्षा हलका वाटत नव्हता.

एका गुरुवारी मास्तर आले ते ताट घेऊनच. त्यांची कवळी गेल्या महिन्यात दुरुस्तीला गेली होती आणि परत आलीच नव्हती. तोंड आत ओढलेले, बोलणे जरा फुसफुसते.

“किती?”

“चौऱ्याऐंशी.”

मास्तरांनी ताट पुढे केले. “मधलं वाढा.”

काकूंची पळी जागच्या जागी थांबली. मग त्यांनी समोरची उथळ परात त्यांच्याकडे किंचित तिरकी केली, दिसावी म्हणून.

“मास्तर, आता मधलं नसतं. सगळीकडे एकसारखंच असतं.”

मास्तरांनी परातीत वाकून पाहिले. “मग कुठलंही वाढा,” ते म्हणाले. काकूंनी वाढले. ते खिडकीजवळच्याच टेबलाशी बसले, पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला, आणि ताट संपवले. उठल्यावर ताट त्यांनी स्वतः धुऊन जागेवर ठेवले.

संस्थेने दंड भरला आहे. थंड खोलीची तपासणी दरवर्षी होते, आणि आता ती नोटीस न देता होते. सहा मार्चच्या जेवणाने गेलेल्या तिघांच्या माणसांकडे कार्यकारी मंडळाने मागायची माफी अजून मागितली गेलेली नाही.